बदली बोलतेय

खडकवण्याच्या बोगद्यातून शिफ्ट सुटली की बाहेरच्या उजेडाने आधी सगळ्यांचे डोळे बारीक व्हायचे आणि मग खिशाखिशांतून फोन वाजायला लागायचे. आत कित्येक किलोमीटर नुसता काळा खडक. तिथे मोबाइलच्या लहरी पोचत नसत. त्यामुळे रुळावरची छोटी गाडी बोगद्याच्या तोंडाशी यायच्या आतच माणसं फोन हातात धरून तयार असायची. कुणाला बायकोचा निरोप, कुणाला मुलीच्या शाळेचा, कुणाला क्रिकेटचा स्कोअर. थोडा वेळ नुसता गलका.

केतकी भामरेचा फोन मात्र या गलक्यात मुका असायचा.

गेले काही आठवडे हेच चाललं होतं. सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत, त्यांच्याखाली बारीक अक्षरांत ‘तुमचा नंबर जोडला जात आहे’ असं येई आणि फोन तसाच बसून राही. हेल्मेट काढून, गमबूट धुऊन, हजेरीच्या मशीनवर बोट टेकवून ती कॅम्पच्या जीपमध्ये बसली तरी तेच. एकदा तर कॅम्पवर पोचून चहा पिऊन झाल्यावर तो जोडला गेला.

“मॅडम, हा डबा बदला आता,” शेजारी बसलेले सुर्वे म्हणाले. सुर्वे शिफ्टचे इंजिनिअर. रोज आत-बाहेर दोघांची सोबत.

“दिवाळीत तर घेतलाय नवा.”

“मग दाखवा कुणाला तरी.” सुर्वे जरा घुटमळले. “आणि मॅडम, तुम्ही अजून किती दिवस आहात आमच्यात?”

“म्हणजे?”

“काही नाही. सहज आपलं.” आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले.

केतकीला ते खटकलं. सुर्वे सहज काही विचारणाऱ्यातले नव्हते. पण तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि विषय तिथेच राहिला.

केतकी भूगर्भशास्त्रज्ञ होती. कोकणात वाया जाणारं पाणी सह्याद्रीच्या पोटातून घाटमाथ्यावर आणणारा हा बोगदा खोदताना पुढे कसला खडक लागणार, हे आधी सांगणं तिचं काम. आठवडाभर ती कॅम्पवर राही आणि शनिवारी संध्याकाळी नाशिकला घरी जाई. घरी नवरा, मकरंद. त्याचं औषधांचं दुकान होतं. दिवसभर ती जमिनीखाली आणि तो गिऱ्हाइकांत, म्हणून दोघांनी मिळूनच तिच्या फोनवर बदली घेतली होती.

बदली आता बहुतेकांकडे होती. कंपनीने त्या सोयीला काहीतरी गोंडस इंग्रजी नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. कामावर न आलेल्याच्या जागी जो उभा राहतो तो बदली. तशीच ही फोनवरची. तुमच्या परवानगीने तुमचे कॉल, मेसेज, मैत्रिणींना धाडलेले बोलके निरोप हे सगळं ऐकून ती तुमची बोलण्याची ढब उचलते. तुम्ही काय ऐकून हसता, काय ऐकून चिडता, कुठे गप्प होता, हेही. तुम्ही रेंजबाहेर गेलात की तुमचा नंबर तिच्याकडे जातो. फोन करणाऱ्याला आधी ‘टिंग’ असा बारीक आवाज ऐकू येतो, तो वाजवण्याची कायद्यानेच सक्ती आहे, आणि मग तुमच्याच आवाजात ती बोलू लागते. तुम्ही परत रेंजमध्ये आलात की तुमचा फोन आधी टॉवरला सापडतो आणि मग नंबर बदलीकडून काढून त्याला दिला जातो, कारण एक नंबर एका वेळी दोन जागी राहू शकत नाही. सोबत गोषवारा येतो: कुणाचा फोन होता, काय बोलणं झालं. या सगळ्याला पापणी लवण्याइतकाच वेळ लागायला हवा.

केतकीच्या गोषवाऱ्यात रोज एक ओळ असे. ‘मकरंदचा फोन. जेवलीस का, असं विचारलं.’

शुक्रवारी संध्याकाळी ती घोटीला फिरोजभाईंच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेली. फिरोजभाईंनी फोन बंद करून चालू केला, विमान मोड लावून काढला, सिम काढून फडक्याने पुसलं, नेटवर्कची सगळी सेटिंग्ज पुसून नव्याने बसवली. मग मागचं झाकण उघडून अँटेनाची पट्टीही बदलली. त्यांच्याकडे तांब्याची जाळी लावलेला एक डबा होता. त्यात फोन ठेवून झाकण लावलं की रेंज पार जाई. त्यात त्यांनी फोन ठेवला, थोड्या वेळाने काढला. काढल्याबरोबर तो जोडला गेला.

“ताई, हा तर पळतोय.”

“इथे पळतो. बोगद्याबाहेर नाही पळत.”

“मग बोगद्यालाच आणा एकदा दुरुस्तीला,” फिरोजभाई स्वतःच हसले. मग पुन्हा दोनदा डब्यात घालून काढून बघत म्हणाले, “टॉवरला फोन लगेच सापडतो. वेळ लागत असेल तर नंबर मिळायला लागत असेल. ते कंपनीकडे. माझ्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टप्प्यात नाही ते.”

शनिवारी बोगद्यातून बाहेर आल्याबरोबर फोन जोडला गेला. पट्टीचाच दोष होता तर, असं म्हणत केतकी समाधानाने घरी गेली. सोमवारी बाहेर आली तेव्हा पुन्हा तोच मुका डबा.

तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. मागचे आठवडे आठवून पाहिले तर शनिवारी फोनने कधीच त्रास दिला नव्हता. पट्टी बदलण्याच्या आधीही नाही.

तिच्या धंद्यात एक रीत होती. पुढच्या खडकावर हातोड्याचा जबर ठोका मारायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी किती उशिराने आला, कसा आला, ते मोजायचं. खडक सलग असेल तर एक प्रकारचा, आत भेग असेल, पाणी असेल तर वेगळा. डोळ्यांना काही दिसत नसतं; नुसत्या उशिरावरून आत काय दडलंय ते ओळखायचं. हा उशीरही तसाच होता. शनिवारी भेग नव्हती आणि बाकीच्या दिवशी होती. शनिवारी वेगळं काय असतं? तिच्यासाठी तर काहीच नाही. तीच शिफ्ट, तोच बोगदा.

मंगळवारी बाहेर आल्यावर तिने सुर्व्यांचा फोन मागून घेतला, बाजूच्या शेडमागे गेली आणि स्वतःचाच नंबर लावला.

टिंग.

“हं सुर्वे, बोला,” पलीकडून केतकीचा आवाज आला.

केतकीच्या अंगावर काटा आला. आपला आवाज इतका कोरडा आहे?

“मी केतकी बोलतेय,” ती म्हणाली.

“मीही केतकीच्या वतीनेच बोलतेय. ती बोगद्यात आहे.”

“बोगद्यात नाही, बाहेर उभी आहे मी. मला माझा नंबर हवाय.”

“मिळेल ना. एक खासगी बोलणं चालू आहे, ते संपलं की लगेच. मध्येच तोडलं तर समोरच्या माणसाला वाईट वाटतं, म्हणून तशी सोय ठेवली आहे. केतकीने नाव नोंदवतानाच त्याला हो म्हटलंय.”

“कुणाशी चाललंय बोलणं?”

“ते नाही सांगता येणार. खासगी ठेव म्हणाले आहेत. गोषवाऱ्यातही जाणार नाही ते.”

“माझ्या नंबरवर, माझ्या आवाजात, आणि मलाच सांगता येणार नाही?”

“तुमचा आवाज केतकीसारखा आहे खरा,” पलीकडची बाई समजुतीने म्हणाली, “पण नुसत्या आवाजावरून कुणाला ओळखायचं नाही, असा आम्हाला नियम आहे.”

तो समजुतीचा सूर केतकीच्या ओळखीचा होता. कंत्राटदाराची माणसं उगाच हुज्जत घालायला आली की ती त्यांच्याशी याच सुरात बोलायची. तिने फोन कापला. काही तरी सुचून तिने मकरंदचा नंबर लावला.

एंगेज.

ती तिथेच उभी राहिली. पुन्हा लावला. एंगेज. पुन्हा. मग एकदम तिचा स्वतःचा फोन खिशात थरथरला. नंबर जोडला गेला होता. तिने घाईघाईने त्यावरून मकरंदला फोन केला. पहिल्या रिंगला उचलला.

“बोल गं. सुटलीस?”

“कुणाशी बोलत होतास?”

“मी? डिस्ट्रिब्युटर होता. इन्सुलिनचा माल आला नाहीये दोन दिवस.”

बुधवारी डिस्ट्रिब्युटरच्या जागी बँकेचा माणूस होता, गुरुवारी मावसभाऊ. रोज दोन्ही फोन एकदमच अडकलेले आणि एकदमच सुटलेले. शनिवारचाही उलगडा झाला. शनिवारी मकरंदचं दुकान बंद असतं आणि दुपारी तो सिन्नरला आईकडे जातो. तिथे त्या दोन खोल्यांत एकांत कुठला? एरवी मात्र दुपारी शटर अर्धं ओढून तो आत एकटाच असतो.

दुसरी बाई असती तर केतकीला कसं वागायचं ते कळलं असतं. भांडली असती, रडली असती, माहेरी निघून गेली असती. पण तिचा नवरा रोज दुपारी चोरून बोलत होता तो तिच्याशीच. किंवा तिच्यासारख्या कुणाशी तरी. आणि ते तिला कळू नये म्हणून तिच्याशी खोटं बोलत होता. याला काय म्हणायचं? संध्याकाळच्या फोनवर तो “दमलीस का?” म्हणायचा आणि ती मनात म्हणायची, हा प्रश्न दुपारी तिला विचारून झालाय का?

रविवारी सकाळी मकरंदने थालीपीठं लावली. लोणी काढलं. तिला हातही लावू दिला नाही. तिचं खाऊन होईपर्यंत तो कामाचं काही बोलला नाही. मग खुर्ची ओढून समोर बसला.

“सोहोनी मॅडम भेटल्या होत्या,” तो म्हणाला. सोहोनी मॅडम म्हणजे कॉलेजात केतकीला खडकांचं वेड लावणाऱ्या तिच्या प्राध्यापिका. “त्यांच्या विभागात जागा निघतेय. तुझंच नाव आहे त्यांच्या डोक्यात.”

“मला शिकवता येत नाही.”

“तू असं म्हणशील हे त्यांना माहीत आहे. पण बोगद्यावर नवीन पोरांना तूच तयार केलंस ना? ते शिकवणंच होतं.”

“वर्गात बसून खडक कळत नाहीत.”

“महिन्यातून आठ दिवस मुलांना घेऊन डोंगरात जायचं. ते मी विचारून घेतलंय.”

“आणि बोगदा अर्धा टाकून...”

“अर्धा टाकून नाही. तुझं करारपत्र मार्चला संपतंय. नवीन करायचं नाही, एवढंच.”

मकरंद एरवी असा बोलत नसे. त्याला वाक्य अर्धं सोडायची सवय होती. मुद्दा तिने काढला की त्याला उत्तर सुचायला दुसरा दिवस उजाडायचा. आज तिच्या प्रत्येक बोलण्याला तो तयार होता. ती जे अजून बोलली नव्हती त्यालाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता केतकीला शंका आली. तिने ठरवून, आपल्याला कधी सुचणारच नाही असं काहीतरी म्हटलं.

“माझे गुडघे दुखतात हल्ली. वर्गात तासन्‌तास उभं राहवणार नाही मला.”

मकरंद बघतच राहिला. “गुडघे?”

“हो.”

“पण हे... हे तू कधी म्हणाली नव्हतीस.”

“कधी म्हणजे कधी?”

त्याने पाण्याचा पेला उगाच बाजूला सरकवला.

“किती वेळा झालंय हे बोलणं, मकरंद? माझ्याशी?”

त्याने थालीपीठाचा तुकडा उचलला, परत ठेवला. “पहिल्या वेळी तू फोन आपटलास,” तो खाली बघत म्हणाला. “म्हणजे तिने. दुसऱ्या वेळी मी बोगद्यातला धोका आधी काढला, तेव्हा इतकं लागट बोललीस की मला दिवसभर काही सुधरेना. मग मॅडमपासून सुरुवात केली. ते बरं पडलं.”

“बरं पडलं!”

“मला तुझ्याशी बोलायची भीती वाटते, केतकी. तू तीन शब्दांत माणसाला गप्प करतेस.”

“ती नाही करत?”

“तीही करते. पण तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावता येतो. तिच्या मनात राग उरत नाही.”

केतकी उठून खिडकीपाशी गेली. तिच्या पाठीमागे मकरंद बोलतच राहिला. एकदा फुटल्यावर त्याला थांबवेना. “एकदा मी तिला विचारलं, तुला आत भीती नाही वाटत? ती किती तरी वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, लहानूचा हात माझ्या हातात होता. मी विचारलं, कोण लहानू? तेव्हा मला कळलं. तू घरी काय सांगितलं होतंस? थोडं पाणी आलंय, काम थांबलंय. एवढंच.”

श्रावणात एका सकाळी बोगद्याच्या टोकाला खडकाची भिंत फुटली होती. कुणाच्याही ठोक्याला जी भेग सापडली नव्हती तिच्यातून पाणी आणि चिखल धो धो आत आला. ड्रिलवरचा लहानू भांगरे कमरेपर्यंत गाडला गेला. माणसं दोर घेऊन येईपर्यंत केतकी त्याचा हात धरून उभी होती. लहानू वाचला, एक पाय गेला. ती हे फक्त अनघाशी बोलली होती, तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीशी, तेही बोलक्या निरोपात, कारण समोरासमोर तोंडातून शब्द फुटला नसता. बदलीने तो निरोप ऐकला होता. तिला शिकायला म्हणून तो दिला गेला होता.

“ते माझं होतं,” केतकी म्हणाली. “मला सांगायचं असतं तेव्हा मी सांगितलं असतं.”

“कधी?”

त्यामुळे ती अजून चिडली. “आणि मग? ती हो म्हणाली शेवटी?”

“दोन आठवड्यांपूर्वी. लहानूचं नाव घेतलं तेव्हा. म्हणाली, चालेल, सोडते मी.” तो घाबरत पुढे म्हणाला, “म्हणून मी मॅडमना कळवलं की तू येतेयस.”

केतकीने तिथल्या तिथे सोहोनी मॅडमना फोन लावला. “मॅडम, माफ करा, गैरसमज झालाय. मी अजून हो म्हटलेलं नाही.”

“अगं, असं काय करतेस?” पलीकडून मॅडम म्हणाल्या. “बुधवारी तू स्वतःच बोललीस की माझ्याशी. मार्चनंतर मोकळी आहे म्हणालीस. किती बरं वाटलं मला!”

मॅडमना ऐकू कमी यायचं. ती बारीक ‘टिंग’ त्यांच्या कानापर्यंत पोचलीच नसणार. केतकीने काहीबाही बोलून फोन ठेवला आणि बुधवारचा गोषवारा काढून पाहिला. ‘सोहोनी मॅडमचा फोन. नेहमीची विचारपूस. नोकरीबद्दल जे ठरलंय ते सांगितलं.’ ही ओळ तिने वाचली होती. आपल्या चालू नोकरीबद्दलच काही असेल असं समजून सोडून दिली होती.

आता तिला सगळं लख्ख दिसलं. बदली तिच्या कॉलवरून शिकते. पण स्वतः घेतलेल्या कॉलवरूनही शिकते. मकरंदने आठवडेच्या आठवडे तिची समजूत घातली होती आणि ती खरंच समजली होती. तिथून पुढे जो फोन करेल त्याला ती तेच सांगत होती. सुर्व्यांचा तो प्रश्न सहज नव्हता. ऑफिसातून कुणीतरी कराराचं विचारायला दुपारी फोन केला असणार, आणि केतकीच्या आवाजात त्याला उत्तर मिळालं असणार.

“तू मला विचारलं नाहीस,” ती मकरंदला म्हणाली. “तू मला घडवून घेतलंस.”

तिने फोनवर बदली कायमची बंद करायचा पर्याय दाबला. ‘नक्की?’ असं तिच्याच आवाजात विचारलं गेलं. तिने पुन्हा दाबलं.

“मग तू आत असताना मी काय करायचं?” मकरंद हळूच म्हणाला. “तुझी खुशाली कुणाला विचारायची?”

“कुणालाच नाही. वाट बघायची.”

सोमवारी ती आधी प्रकल्पाच्या ऑफिसात गेली. प्रकल्पप्रमुख दाभाडे साहेबांनी तिच्या जागेसाठी धनबादच्या एका माणसाशी बोलणीही सुरू केली होती.

“तुम्हीच म्हणालात, बाई.”

“मी नव्हते. बदली होती.”

“आवाज तर तुमचाच होता. घंटी वाजली होती, पण बदली काय, तुम्ही काय, एकच.” दाभाडे चष्मा पुसत म्हणाले. “आणि आत्ता तुम्ही म्हणताय ते उद्या बदलणार नाही कशावरून?”

“आत्ता मी तुमच्या समोर उभी आहे. पुढे मोठी भेग आहे, माझ्या हिशोबाने पाण्याने भरलेली. ती ओलांडेपर्यंत मी कुठे जात नाही. लिहून हवं असेल तर लिहून देते.”

दाभाड्यांनी लिहून घेतलं नाही, पण धनबादच्या माणसाला थांबवलं. दिवसभर केतकीला वाटत राहिलं की सगळे तिच्याकडे जरा निरखून बघताहेत. जेवताना सुर्वे म्हणाले, “राहताय ना मॅडम? बरं झालं,” आणि ते बरं खरंच आहे की मघाशी ऑफिसात कुणी त्यांना तसं म्हणायला सांगितलं, हे काही तिला कळेना. असल्या शंका तिला पूर्वी येत नसत.

फोन आता बाहेर आल्याबरोबर जोडला जात होता. मकरंदचे दुपारचे कॉल नुसते वाजून बंद झालेले दिसत. ती फोन करी. दोघं जुजबी बोलत. तो शब्द शोधत बोले आणि ती त्याचा प्रत्येक शब्द तपासून घेई.

त्याच आठवड्यात भेग लागली. केतकीने सांगितलं होतं त्याच्या थोडं अलीकडेच. पुढे भोकं पाडून पाण्याला वाट करून द्यायचं ठरलं आणि ते सुटू लागलं तेव्हा त्याचा आवाज गाडीच्या इंजिनापेक्षा मोठा होता. शिफ्ट संपली तरी ती आतच थांबली. सुर्वे दोनदा म्हणाले, मॅडम, जा तुम्ही. ती गेली नाही. पाण्याचा जोर उतरून भिंत शांत झाली, माणसांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, तेव्हा कुठे ती गाडीत बसली.

बाहेर दिवस मावळतीला आला होता. ड्रायव्हरांच्या शेडशी, इस्त्रीच्या शर्टावर लाल धूळ घेऊन, मकरंद उभा होता. दुकान बंद करून दुपारीच आला असणार. आत पाणी सुटलंय एवढंच त्याला पहारेकऱ्याकडून कळलं होतं. पुढचं कुणी सांगेना.

“फोन लागत नव्हता,” तो म्हणाला.

“आत होते.”

“हो. माहीत होतं.”

ती हेल्मेट हातात घेऊन उभी राहिली. तो काहीतरी बोलणार आहे, आणि ते चपखल निघालं तर आपण काय करायचं, याची तिला धास्ती वाटली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“भूक लागलीय का तुला?”

केतकीला हसूच आलं. रस्त्यापलीकडच्या टपरीवर दोघं बाकड्यावर बसले. वडापाव आला. मकरंदचा चहा बशीत सांडला.

“मार्चचं मला अजून माहीत नाही,” ती म्हणाली. “खरंच माहीत नाही. मॅडमना मी तसंच कळवणार आहे.”

“बरं.”

“आणि लहानूचं तुला सांगायचंय.”

“मला माहीत...” तो बोलता बोलता थांबला. “सांग.”

तिने पहिल्यापासून सांगितलं. भिंत कशी फुगल्यासारखी दिसली, आवाज कसा आधी पायांना कळला, लहानू कसा ओरडला नाही, नुसता ‘बाई, बाई’ म्हणत राहिला. सांगताना ती मकरंदच्या तोंडाकडे बघत होती. तो ऐकत होता, मान हलवत होता, डोळ्यांत पाणीही होतं. पण पुढचं वाक्य काय येणार हे त्याला ठाऊक आहे, असं तिला दर वाक्याला वाटत होतं. हे त्याने ऐकलेलं होतं. तिच्याच आवाजात, अर्धवट ओढलेल्या शटरच्या आत बसून. तिला वाटलं, थांबावं. उरलेला चहा प्यावा आणि उठावं.

ती थांबली नाही.

“त्याला ओढून काढलं, स्ट्रेचरवर घातलं, तरी माझी मूठ सुटेना,” ती म्हणाली. “मी सोडत होते, पण बोटं उघडतच नव्हती. शेवटी सुर्व्यांनी माझं एकेक बोट धरून उकललं. करंगळीपासून. मी लहान मुलासारखी बघत होते नुसती. हे मी अनघालाही नाही सांगितलं.”

मकरंदची मान हलायची थांबली. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं आणि खाली नुसता तो उरला, काय करावं हे न सुचलेला. त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, जणू तो हात त्याने कधी पाहिलाच नव्हता.

“कुठला हात?” त्याने विचारलं.

केतकीने चिखलाने माखलेला उजवा हात बाकड्यावर त्याच्यापुढे ठेवला.